आधी विचारा, मग द्या: मदतसंस्थेला पैसे, वस्तू आणि वेळ देण्याचा नीट क्रम

भूकंप होतो, पूर येतो, कुठे युद्ध पेटतं आणि एका दिवसात घराघरांतली कपाटं उघडतात. जुने कपडे, उरलेली औषधं, पाण्याच्या बाटल्या गोळा होतात, गाडी भरते, निघते. संस्थेला फोन जातो तो गाडी अर्ध्या वाटेवर असताना. तिथे गोदामात जागा नसते, उतरवून घ्यायला माणसं नसतात, आणि आलेल्या मालातला बराचसा भाग वापरता येत नाही. देणाऱ्यांचा हेतू खराच असतो. चुकतो तो क्रम. आपल्याकडे काय आहे इथून सुरुवात होते आणि समोरच्याला काय हवंय हे शेवटी विचारलं जातं.

खालचे टप्पे हा क्रम सरळ करण्यासाठी आहेत. एखादा टप्पा गाळावासा वाटला, तरी टप्पा २ गाळू नका.

## टप्पा १: स्वतःचा हिशेब मांडा

हे काम संकट येण्याआधी, शांत डोक्याने करायचं आहे.

१. वर्षभराची रक्कम ठरवा. घरातल्यांशी बोलून एक आकडा कागदावर लिहा. त्याचे दोन भाग करा. मोठा भाग नियमित देणगीसाठी आणि लहान भाग अचानक येणाऱ्या संकटासाठी. आकडा आधी ठरलेला असला की रडवणारा व्हिडिओ पाहून भलत्याच खात्यात पैसे जात नाहीत, आणि नंतर ओढाताणही होत नाही.

२. वेळ खरा मोजा. आठवड्याला किती तास आणि किती महिने, दोन्ही लिहा. सहा महिने दर आठवड्याला दोन तास येणारा माणूस संस्थेला खूप उपयोगी पडतो. एक आठवडा रोज येऊन नंतर न दिसणाऱ्या माणसाला शिकवण्यातच इतरांचा वेळ जातो.

३. कौशल्यांची यादी करा. हिशेब ठेवणं, जड वाहन चालवणं, गोदाम सांभाळणं, नर्सिंग, वायरिंग, नळजोडणी, संगणकावर तक्ते भरणं, दोन भाषांत नीट बोलता येणं, हे सगळं यादीत यायला हवं. परवाना किंवा प्रमाणपत्र लागणारं काम असेल तर त्याची मुदत आत्ताच पाहून ठेवा.

४. काय जमणार नाही तेही लिहा. पाठदुखी असेल, रक्त पाहून चक्कर येत असेल, रात्री बाहेर राहता येत नसेल, तर ते अर्जात सांगायचं आहे. लपवलं तर ऐन कामात दुसऱ्या कुणाला तरी तुमची काळजी घ्यावी लागते.

## टप्पा २: संस्था पारखा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण इथे सर्वात कमी वेळ देतात.

१. पूर्ण कायदेशीर नाव आणि नोंदणी क्रमांक मिळवा. बोर्डावरचं किंवा समाजमाध्यमावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं असू शकतं. बहुतेक देशांत धर्मादाय संस्थांची सरकारी नोंदवही असते आणि ती बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवर मोफत पाहता येते. ती तुम्ही स्वतः शोधून उघडा. संस्थेने किंवा मित्राने पाठवलेल्या लिंकवरून तपासणी केली, तर ती तपासणी धरू नका.

२. वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेले हिशेब वाचा. निदान दोन वर्षांचे वाचा. अहवालातले फोटो बाजूला ठेवा आणि चार गोष्टी शोधा: पैसा कुठून आला, कशावर गेला, शिल्लक किती आणि लेखापरीक्षकाने काही शेरा मारला आहे का. विश्वस्तांच्या नातलगांच्या कंपन्यांना पैसे दिलेले दिसले, तर त्याचं कारण विचारा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रशासकीय खर्च जितका कमी, तितकी संस्था चांगली, असं लोक धरून चालतात. मला हे मुळीच पटत नाही. हिशेबनीस, गोदामपाल, चालकांचे विमे, स्वयंसेवकांचं प्रशिक्षण, आलेल्या तक्रारींची चौकशी, हे सगळं प्रशासकीय खर्चातच मोडतं. हा खर्च शून्य दाखवणारी संस्था एक तर तो दुसऱ्या खात्यात टाकते किंवा ही कामं करतच नाही. टक्केवारी एकटी पाहू नका. संस्था काय करते आणि ते करायला काय लागतं, हे शेजारी ठेवून पाहा.

३. मदत कुणाला आणि कशी दिली जाते ते विचारा. रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ साली आपत्तीतल्या मदतकार्यासाठी दहा कलमांची आचारसंहिता तयार केली. मदत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व पाहून दिली जाणार नाही आणि कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी वापरली जाणार नाही, हे तिच्यातले दुसरं आणि तिसरं कलम आहे. मदत घेणाऱ्याला आधी घोषणा द्यायला लावणारी, प्रार्थनेला बसवणारी किंवा मतदार यादी तपासणारी संस्था दुसरं काहीही करत असली, तरी मानवतावादी काम करत नाही.

४. तक्रारीची सोय आहे का ते पाहा. मदत मिळालेल्या माणसाला तक्रार करायची असेल तर तो कुठे जाईल? मुलांच्या आणि स्त्रियांच्या सुरक्षेबद्दल लेखी धोरण आहे का? २०१४ मध्ये आलेलं आणि २०२४ मध्ये सुधारलेलं ‘कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड’ हे मदतसंस्थांच्या कामाचं मानक नऊ वचनांचं आहे आणि बाधित लोकांना तक्रार करता येणं हे त्यातलं एक. लहान संस्थेकडे या मानकाचं प्रमाणपत्र नसेल, आणि त्यात काही वावगं नाही. प्रश्नाला उत्तर मात्र असायला हवं.

५. फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. या भागात तुम्ही संकटाआधीपासून काम करत होता का? आत्ता सर्वात जास्त कशाची गरज आहे? आणि या कामासाठी जास्त पैसे जमले तर त्याचं काय कराल?

> तपासा: ‘आम्हाला सध्या हे नको’ असं स्पष्ट सांगणारी संस्था आपली गरज ओळखून असते. ‘काहीही द्या, चालेल’ असं म्हणणाऱ्या संस्थेला आणखी दोन प्रश्न विचारा.

## टप्पा ३: पैसे द्या

पैसा पोचायला ट्रक लागत नाही, तो गोदामात सडत नाही आणि बाधित भागातच खर्च झाला तर तिथले दुकानदार आणि मजूर पुन्हा उभे राहतात. कित्येक ठिकाणी संस्था कुटुंबांच्या हातात थेट रक्कमच देतात, कारण औषध आधी घ्यायचं की छपराचा पत्रा, हे त्या घराला सर्वात चांगलं कळतं. म्हणून वस्तूंच्या आधी हा टप्पा.

१. पत्ता स्वतः टाईप करा. फॉरवर्ड होऊन आलेल्या लिंकवर, पोस्टरवरच्या क्यूआर कोडवर किंवा जाहिरातीवर क्लिक करून देणगी देऊ नका. संस्थेचं संकेतस्थळ स्वतः उघडून तिथल्या पानावरून द्या. मोठ्या संकटानंतर ओळखीच्या संस्थेच्या नावात एखादं अक्षर बदलून बनवलेली खोटी पानं हमखास येतात.

२. पैसे पाठवण्याआधी खातेधारकाचं नाव वाचा. तिथे संस्थेचं कायदेशीर नाव दिसायला हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. ‘संस्थेचं खातं सध्या बंद आहे, माझ्या खात्यात टाका, मी पुढे पाठवतो’ ही सबब कुणीही सांगितली तरी मान्य करू नका.

> सावधान: गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो चलनातच पैसे मागणं, ‘एका तासात दिले नाहीत तर मूल दगावेल’ अशी घाई करणं, पावती टाळणं. यातलं एकही दिसलं तर व्यवहार तिथेच सोडा. खऱ्या संस्थेला तुमची देणगी उद्याही चालते.

३. देणगीला अटी घालताना विचार करा. ‘हे पैसे फक्त याच पुरासाठी’ असं लिहिलं की ते पैसे दुसरीकडे वापरता येत नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून इतके पैसे आले की ‘मेदसाँ साँ फ्रॉन्तिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेने काही दिवसांतच त्सुनामीसाठीची देणगी घेणं थांबवलं आणि लोकांना सांगितलं की आमच्या इतर कामांसाठी द्या. कॅमेरे पोचलेल्या संकटाकडे पैशांचा ओघ लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्या खंडातल्या एखाद्या निर्वासित छावणीत रेशन कमी केलं जात असतं. संस्थेवर विश्वास असेल तर ‘जिथे गरज असेल तिथे वापरा’ असं लिहून द्या. विश्वास नसेल, तर अट घालून तो निर्माण होणार नाही. संस्था बदला.

४. जमेल तर दरमहा द्या. लहान असली तरी दरमहा येणारी रक्कम संस्थेला माणसं नेमायला, औषधांचा साठा आधीच करून ठेवायला कामी येते. संकट आल्यावर जमवलेल्या पैशांतून ही तयारी करता येत नाही, कारण तोवर वेळ निघून गेलेली असते. खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी देताना ती कशी थांबवायची, हेही त्याच दिवशी पाहून ठेवा.

५. पावती घ्या आणि तपासा. नाव, तारीख, रक्कम, पावती क्रमांक, संस्थेचा नोंदणी क्रमांक. करसवलत हवी असेल तर तुमच्या देशाचा नियम देणगी देण्याआधी वाचा. अनेक ठिकाणी रोख रकमेला मर्यादा असते, वस्तूंच्या देणगीला सवलत मिळत नाही किंवा परदेशी संस्थेला दिलेले पैसे धरले जात नाहीत. उलट बाजूनेही अडचण येते. काही देशांत परदेशातून पैसे घेण्यासाठी संस्थेकडे वेगळी परवानगी असावी लागते. भारतातला एफसीआरए कायदा हे त्याचं उदाहरण.

६. इतरांकडून पैसे गोळा करणार असाल तर आधी संस्थेची लेखी परवानगी घ्या. लोकांना शक्यतो थेट संस्थेच्या पानावर पाठवा. पैसे स्वतःच्या खात्यात जमा करणं टाळाच. मोहिमेची शेवटची तारीख जाहीर करा आणि ती उलटल्यावर किती जमले आणि कुठे गेले, हे पावतीसह सगळ्यांना कळवा.

## टप्पा ४: वस्तू, पण मागितल्या तरच

वस्तू देण्याने मनाला जे समाधान मिळतं, ते पैसे पाठवून मिळत नाही, हे मला कळतं. तरीही सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात दान आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन साठा निरुपयोगी निघाला आणि तो नष्ट करण्याचा खर्च ३.४ कोटी डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज होता. हा भुर्दंड दान मिळालेल्यांच्या डोक्यावर बसला. अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पुढे ती सुधारली. त्यांचा गाभा असा: औषध तिथल्या लोकांनी मागितलेलं असावं, त्या देशात मान्य असलेलं असावं, पोचल्यावर त्याची मुदत साधारणपणे निदान एक वर्ष शिल्लक असावी, लेबल तिथल्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत असावं आणि त्यावर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव असावं. रुग्णांनी परत केलेली किंवा नमुना म्हणून मिळालेली औषधं तर द्यायचीच नाहीत.

थोडक्यात, घरातली उरलेली गोळ्यांची पाकिटं कुठल्याही मदतपेटीत टाकू नका. फोडलेलं पाकीट कुणी, कुठे, किती उष्णतेत ठेवलं होतं, हे डॉक्टरला कळायला मार्ग नसतो.

पाण्याचंही गणित करून पाहा. मदतकार्यातल्या किमान गरजा सांगणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणसाला दिवसाला निदान १५ लिटर पाणी लागतं. १०,००० लोकांच्या छावणीला रोज दीड लाख लिटर झाले. एवढं पाणी बाटल्यांतून पुरवता येत नाही. त्यासाठी टाक्या, शुद्धीकरणाचा संच, क्लोरीन आणि नळ लागतात, आणि ते उभे करायला पैसे आणि जाणकार माणसं. पहिल्या एकदोन दिवसांत बाटल्या उपयोगी पडतात, पण तेव्हा त्या सर्वात जवळच्या ठिकाणाहून यायला हव्यात.

वाटेतली कोंडी हा आणखी एक भाग. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूच्या विमानतळावर एकच धावपट्टी होती. मदतीच्या विमानांची गर्दी झाली, धावपट्टीला तडे गेले आणि मोठ्या विमानांना काही काळ उतरायला मनाई करावी लागली. न मागितलेला प्रत्येक खोका अशा ठिकाणी दुसऱ्या कुठल्यातरी खोक्याची जागा अडवतो. तो दुसरा खोका शस्त्रक्रियेच्या साहित्याचा असू शकतो.

संस्थेने वस्तू मागितल्याच, तर हा क्रम ठेवा:

१. यादी लेखी घ्या. वस्तू, नग, आकार, शेवटची तारीख, पोचवण्याचा पत्ता आणि उतरवून घेणाऱ्या माणसाचं नाव, सगळं त्यात हवं. यादी कोणत्या दिवसाची आहे ते पाहा. संकटात गरज दोन दिवसांत बदलते.

२. यादीबाहेरचं नाकारा. संकलन केंद्रावर बसणाऱ्यांसाठी हे सर्वात अवघड काम आहे. शेजारी प्रेमाने साड्यांचं गाठोडं घेऊन येतात आणि नाही म्हणवत नाही. यादी मोठ्या अक्षरांत दारावर लावा, म्हणजे बोलणं सोपं जातं.

३. एका खोक्यात एकच प्रकार भरा. लहान मुलांचे कपडे, ब्लँकेटं आणि साबण एकत्र भरले, तर तिकडे कुणाला तरी ते पुन्हा वेगळे करत बसावं लागतं. वजन एका माणसाला उचलता येईल इतकंच ठेवा.

४. बाहेर दोन बाजूंना लिहा. काय आहे, किती नग, आकार किंवा वयोगट, मुदत. ‘मदत साहित्य’ एवढंच लिहिलेला खोका सर्वात शेवटी उघडला जातो.

५. कपडे धुतलेले, न फाटलेले आणि तिथल्या हवामानाला व चालीरीतीला साजेसे असावेत. आतले कपडे फक्त नवे. पादत्राणांचे जोड बांधून द्या.

६. निघण्याआधी फोन करा आणि वाहतुकीचा खर्च कोण देणार ते ठरवा. माल फुकट आणि भाडं संस्थेच्या माथी, असं पुष्कळदा घडतं.

> सावधान: मदतीच्या गाडीवर किंवा खोक्यांवर लाल क्रॉसचं चिन्ह लावू नका. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ते संरक्षित केलेलं आहे. युद्धभूमीवर त्या चिन्हावर वैद्यकीय पथकांचे जीव अवलंबून असतात, म्हणून त्याचा सैल वापर चालत नाही.

रक्तदानाबद्दल याच ओघात एक गोष्ट. मोठ्या दुर्घटनेच्या दिवशी रक्तपेढीबाहेर रांगा लागतात आणि महिन्याभराने पेढी रिकामी असते. प्लेटलेट साधारण ५ दिवस टिकतात, लाल पेशी साठवणीच्या पद्धतीनुसार ३५ ते ४२ दिवस. त्या दिवशी वापरलं जातं ते आधीच दिलेलं आणि तपासलेलं रक्त. म्हणून पेढीला फोन करून नाव नोंदवा आणि बोलावतील तेव्हा जा.

## टप्पा ५: प्रत्यक्ष स्वयंसेवा

१. संकटाच्या आधी नाव नोंदवा. ढिगाऱ्यापाशी आपणहून पोचलेल्या माणसाला काम देता येत नाही, कारण त्याला काय येतं हे कुणाला ठाऊक नसतं आणि त्याला जेवण, झोपायला जागा, शौचालय मात्र लागतंच. १९१ देशांत राष्ट्रीय रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट संस्था आहेत. त्यांच्याकडे किंवा तुमच्या भागातल्या पारखलेल्या संस्थेकडे आत्ता जा, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या आणि बोलावण्याच्या यादीत या.

२. अर्जात नेमकं लिहा. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्यावरून कुणी काम नेमून देऊ शकत नाही. ‘शनिवारी सकाळी चार तास, सहा महिने, गोदामाच्या नोंदी संगणकावर ठेवू शकते’ यावरून लगेच देता येतं. टप्पा १ मधली यादी इथे उतरवा. ओळखपत्र, दोन परिचितांची नावं, मुलांबरोबर काम असेल तर पोलीस पडताळणी, हे मागितलं जाईल. मागितलं नाही, तर ती संस्था मुलांसोबतच्या कामासाठी योग्य नाही.

३. मुलाखतीत तुम्हीही विचारा. माझ्या कामाचं लेखी वर्णन मिळेल का? मला सूचना कोण देणार? अपघात झाला तर विमा आहे का? प्रवास-जेवणाचा खर्च कोण करणार? मूळ खर्चाच्या कितीतरी पट शुल्क घेऊन परदेशात ‘सेवेचा अनुभव’ विकणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे शुल्काचा हिशेब लेखी मागा आणि त्यातलं किती स्थानिक संस्थेला जातं ते विचारा.

> सावधान: अनाथालयात एकदोन आठवडे राहून मुलांना सांभाळण्याचे कार्यक्रम टाळा. दर पंधरवड्याला जीव लावून निघून जाणारी नवी माणसं मुलांना इजा करतात, आणि अशा बालगृहांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. तोच पैसा मूल घरी राहावं म्हणून कुटुंबाला आधार देणाऱ्या कामाला द्या.

४. निघण्याआधीची तयारी. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना दाखवा. पुराच्या पाण्यात काम असेल तर बूट आणि लेप्टोस्पायरोसिसपासून बचावाचा सल्ला घ्या. स्वतःची रोजची औषधं कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पुरतील इतकी जवळ ठेवा. घरच्यांना समन्वयकाचा नंबर द्या.

५. पहिल्या दिवशी नोंद करूनच कामाला लागा. येताना आणि जाताना सही करा. आत किती माणसं आहेत, हे त्या वहीवरूनच कळतं. सांगितलेलं काम करा, मग ते खोके मोजणं का असेना. आणखी काही करावंसं वाटलं तर समन्वयकाशी बोला, परस्पर सुरू करू नका.

६. दुःखात असलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ते शिकून जा. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचं सूत्र तीन शब्दांचं: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी जागा सुरक्षित आहे का आणि कुणाला तातडीची गरज आहे ते पाहा. मग शेजारी बसा आणि तो सांगेल तेवढंच ऐका. काय घडलं ते खोदून विचारू नका. ‘देवाची मर्जी’, ‘निदान तुम्ही तरी वाचलात’ अशी वाक्यं टाळा, ती ऐकणाऱ्याला एकटं पाडतात. शेवटी त्याला हवी ती माहिती, हरवलेला नातलग शोधणारी यंत्रणा किंवा डॉक्टर यांच्याशी गाठ घालून द्या. आणि पाळता येणार नाही असं कुठलंही वचन देऊ नका. ‘उद्या नक्की येतो’ हेसुद्धा वचनच असतं.

७. फोटो. मदत घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो संस्थेच्या परवानगीशिवाय आणि त्या माणसाने समजून दिलेल्या होकाराशिवाय काढू नका. हातात पाकीट देताना मागितलेला होकार मोकळा नसतो, कारण नाही म्हटलं तर पाकीट जाईल ही भीती त्याच्या मनात असते. वर सांगितलेल्या आचारसंहितेचं दहावं कलम याबद्दलच आहे: बाधित माणसांना प्रसिद्धीतही सन्मानाने दाखवा. निर्वासितांच्या बाबतीत तर एका फोटोवरून त्यांचा ठावठिकाणा कळून जिवावर बेतू शकतं.

८. थकवा ओळखा. झोप उडणं, चिडचिड, घरी आल्यावरही तीच दृश्यं दिसत राहणं, असं होत असेल तर समन्वयकाला सांगा आणि काही दिवस थांबा. सोडायचंच असेल तर आधी कळवा आणि तुमच्याकडच्या नोंदी, किल्ल्या, पासवर्ड पुढच्या माणसाला देऊन जा.

## टप्पा ६: घरबसल्या करता येणारं काम

प्रवास जमत नसेल, तर हा मार्ग पूर्ण तोलाचा आहे.

नकाशे. जगातल्या कित्येक वस्त्यांची घरं आणि वाटा नकाशावर नाहीत, त्यामुळे लसीकरणाचं पथक किंवा बचाव पथक अंदाजाने फिरतं. ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’च्या संकेतस्थळावर उपग्रहाच्या चित्रावरून घरं आणि रस्ते रेखाटण्याची कामं वाटलेली असतात. २०१४ मध्ये सुरू झालेला ‘मिसिंग मॅप्स’ उपक्रमही हेच काम करतो. खातं उघडा, नवशिक्यांसाठीचं काम निवडा, त्या कामाच्या सूचना पूर्ण वाचा, नकाशाचा एक चौकोन स्वतःसाठी राखून ठेवा, रेखाटा, जतन करा. नव्या माणसांच्या चुका ठरलेल्या असतात. लागून असलेली घरं एकाच आकारात गुंडाळणं, सावलीलाच भिंत समजणं, आधी काढलेल्या घरावर पुन्हा घर काढणं, आणि नुसत्या डोळ्यांनी खात्री नसताना अंदाजाने आकार टाकणं. शंका आली तर तो चौकोन अपुरा म्हणून सोडा आणि टिप्पणी लिहा. अनुभवी माणूस तुमचं काम तपासून परत पाठवेल. त्याचा शेरा वाचूनच पुढचा चौकोन घ्या.

भाषा. आरोग्याच्या सूचना आणि स्थलांतरितांसाठीची माहिती लोकांच्या भाषेत लागते. ‘ट्रान्सलेटर्स विदाऊट बॉर्डर्स’सारख्या संस्था त्यासाठी स्वयंसेवक घेतात. इथे सुंदर मराठीपेक्षा चटकन कळणारी मराठी हवी असते. औषधाचं प्रमाण, वेळ, फोन नंबर दोनदा ताडून पाहा.

हिशेब, संकेतस्थळाची देखभाल, देणगीदारांच्या पत्रांना उत्तरं, ही कामंही घरून होतात. फक्त लोकांची नावं आणि दुखणी असलेली यादी स्वतःच्या खासगी मेलवर किंवा कौटुंबिक संगणकावर ठेवू नका.

## टप्पा ७: दिल्यानंतरचा पाठपुरावा

१. पावत्या, पत्रव्यवहार आणि तुम्ही दिलेले तास एका फाईलमध्ये ठेवा.

२. तीन-चार महिन्यांनी अहवाल मागा. रोज फोन करून ‘माझ्या पैशाचं काय झालं’ असं विचारू नका. ऐन संकटात उत्तरं देणारा माणूस तोच असतो जो ट्रक पाठवत असतो.

३. अहवालात फक्त ‘५,००० कुटुंबांना मदत केली’ असं असेल, तर पुढचं विचारा: काय दिलं, कुणाला मिळालं नाही, काय फसलं आणि पुढच्या वेळी काय बदलणार? फसलेलं सांगणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास वाढतो.

४. गैरप्रकार दिसला तर आधी संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे लेखी तक्रार करा, तारीख आणि पुरावा जोडून. मुलाला किंवा स्त्रीला धोका असेल तर थेट पोलिसांकडे जा, संस्थेच्या उत्तराची वाट पाहू नका. समाजमाध्यमावर आधी टाकलं तर पीडित व्यक्तीची ओळख उघडी पडते आणि पुरावाही हलवला जातो.

५. नियमित देणगी थांबवायची असेल तर बँकेत थांबवण्यासोबत संस्थेला दोन ओळींत कारण कळवा. त्यांचं नियोजन त्या रकमेवर चाललेलं असतं.

६. पुढच्या वर्षाचा आकडा ठरवायला बसाल तेव्हा हीच फाईल आणि संस्थेचा नवा अहवाल समोर घ्या. दोन्ही वाचून झाल्याशिवाय रक्कम वाढवू नका आणि कमीही करू नका.